सकाळी सहा पाचच्या आवाजाबाबत

जबाब
दिनांक ३०/०७/२०२५, वेळ दुपारी १२.२०

नाव: वसुंधरा विनायक दिवेकर, वय ५३ वर्षे, व्यवसाय: साप्ताहिकात विनोदी सदर लिहिणे (प्रथम 'गृहिणी' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे), राहणार: फ्लॅट १०३, बी विंग, अनुपम पार्क सहकारी गृहनिर्माण संस्था, ओवे गावालगत, ता. पनवेल, जि. रायगड.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी अकरा वर्षांपासून एकटी राहते. एकटी का, याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

यंदाच्या मे महिन्यापासून माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली दररोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी 'फुस्स' असा आवाज तीनदा होत असे. पहिला लांब, दुसरा मध्यम, तिसरा तुटक. देशापुढे याहून मोठे प्रश्न आहेत, हे मला मान्य आहे. परंतु ते सहा पाचला माझ्या उशीपाशी येत नाहीत. सकाळी आठपर्यंत झोपणे हा माझा शाबूत राहिलेला एकमेव हक्क असून त्याची राजरोस पायमल्ली होत होती.

आवाज आमच्याच विंगेतील बाळू जोमा म्हात्रे, वय ६१, यांच्या गाडीचा होता. बाळू म्हात्रे यांनी एकतीस वर्षे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी १९९८ सालच्या बसच्या सांगाड्यावर बांधलेली एक घरगाडी भंगारवाल्याकडून घेतली. आत दोन पलंग, शेगडी आणि मोरी आहे. पूर्वी ती शूटिंगवाल्यांकडे होती, म्हणून आरशाभोवती बल्ब आहेत. गाडीला हवेचे ब्रेक आहेत. बाळू म्हात्रे रोज सकाळी गाडी सुरू करून हवा भरत आणि खाली वाकून हवेच्या तीन टाक्यांच्या तीन दोऱ्या ओढत. हा तो आवाज.

दिनांक १०/०६/२०२५ रोजी मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. त्यावर बाळू म्हात्रे सकाळी अकराला हवा सोडू लागले. अकराला मी लिहायला बसते, म्हणून दुसरी तक्रार केली. त्यांनी दुपारी तीन वाजता सोडू का, असे विचारले. त्या वेळी कमिटीची वामकुक्षी असते. संध्याकाळी मुलांचा अभ्यास असतो. दिनांक १५/०६/२०२५ रोजी कमिटीने ठराव केला की, संस्थेच्या आवारात कोणत्याही वेळी वाहनातून हवा सोडण्यास मनाई आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून दिला, कारण कमिटीत शुद्ध लिहिणारे दुसरे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी बाळू म्हात्रे पत्नी रोहिणी यांच्यासह माझ्या दारात आले. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. तिच्यात गढूळ, तांबूस, वर तेलाचा तवंग असलेले पाणी होते. आमचे बोलणे मला आठवते तसे पुढीलप्रमाणे:

"मॅडम, ह्ये बघा. कालचा हाय."

"हे काय, मठ्ठा?"

"टाकीतला पानी. गाडी हवा भरते ना, तिच्यासंगती दमट पन भरते. रोजच्या रोज काढायला लागते. नव्या गाड्यांना हवा सुकवायचा यंत्र असतो, हिला नाय."

"मग नवी घ्या."

"काटा फुल दाखवील मॅडम, पन टाकीत अर्धा पानी असनार. दोन-तीन ब्रेक मारले का हवा खलास. मंग गाडी थांबवायची कशानी?"

मी म्हणाले, "हॉर्नने."

बाळू म्हात्रे हसले नाहीत. रोहिणीताई थोड्या हसल्या, ते शेजारधर्म म्हणून असावे.

हे वाक्य चांगले जमले असे वाटल्याने मी ते दिनांक २१/०६/२०२५ च्या सदरात वापरले. अनेकांनी फोन करून दाद दिली. कात्रण सोबत जोडले आहे. बाटली ते माझ्या चपलांच्या कपाटावर ठेवून गेले होते. ती मी बाल्कनीत ठेवली. फेकून का दिली नाही, हे सांगता येत नाही.

त्यानंतर बाळू म्हात्रे एक दिवसाआड गाडी कळंबोलीच्या ट्रकतळावर नेऊन तिथे हवा सोडून आणत. दिनांक ०२/०७/२०२५ रोजी रोहिणीताईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून त्यांना घर सोडता येत नव्हते. बॅटरी उतरू नये म्हणून ते रोज दहा मिनिटे गाडी जागेवर सुरू ठेवत. दोऱ्या ओढत नसत. मला चांगली झोप लागत होती.

दिनांक २७/०७/२०२५, रविवार, सकाळी ९.४० वाजता मी बाल्कनीत चहा घेत होते. रोहिणीताईंची बहीण आदल्या रात्री मदतीला आली होती. बाळू म्हात्रे एकटेच गाडी घेऊन निघाले. मी वरून विचारले, "काय बाळूशेठ, सहल का?" ते म्हणाले, "नाय मॅडम, कळंबोलीला. हवा सोडून येतो." ज्यांच्या दोऱ्या ओढायच्या, त्या टाक्या त्या वेळी माझ्या खिडकीपासून दहा फुटांवर होत्या.

आमच्या विंगेपासून गेटपर्यंत उतार आहे. त्यावर तीन गतिरोधक आहेत. ते २०२२ साली माझ्याच तक्रारीवरून बसवले आहेत. पहिल्या गतिरोधकाला गाडी पूर्ण थांबली. दुसऱ्याला हळू झाली. तिसऱ्याला काही फरक पडला नाही. हवा संपत आल्याचा गाडीतला बझर वाजत होता. बाळू म्हात्रे यांनी हातब्रेक ओढला असावा, कारण मागची चाके कुरकुरली, पण गाडी घसरतच राहिली. ते सलग हॉर्न वाजवत होते.

हॉर्नचा उल्लेख वर आला आहे.

गेटच्या उजव्या हाताला गंगाबाई, राहणार कातकरवाडी, टाकळा आणि करटुली घेऊन बसल्या होत्या व वाकून जुडी बांधत होत्या. बाळू म्हात्रे यांनी गाडी डावीकडे वळवून गेटच्या भिंतीवर घातली. भिंत पडली. त्यांचे उजवे मनगट व खांद्याचे हाड मोडले. गंगाबाईंना इजा झाली नाही. मी खाली पोचल्यावर त्या मला म्हणाल्या, "त्यानं भिंत धरली म्हून मी हाय." सोसायटीचे सेक्रेटरी सत्यजीत गोगटे त्या वेळी नावाच्या पाटीतील पडलेला 'पा' शोधत होते.

बाळू म्हात्रे यांनी गाडीची देखभाल केली नाही, सहलीच्या नादात निष्काळजीपणे गाडी चालवली, असे गोगटे यांनी जबाबात सांगितल्याचे समजले. ते चूक आहे. त्यावरून बाळू म्हात्रे यांच्यावर गुन्हा उभा राहील आणि लायसन जाईल. देखभाल करणारा आमच्या सोसायटीत तो एकटाच माणूस होता. देखभाल आम्ही ठराव करून बंद पाडली. त्याने काय होईल हे मला बाटलीसकट सांगितले होते.

काल सायंकाळी गोगटे माझ्याकडे येऊन म्हणाले, "वसुंधराताई, आपण यात पडायचं नाही. तसंही ते ठरावाचं रजिस्टर मी बाइंडिंगला दिलंय." मी म्हणाले, "द्या की. माझ्याकडे तुमच्या सहीची प्रत आहे. मसुदा कोणी लिहिला होता?" ते चहा न घेता गेले. प्रत सोबत जोडली आहे.

जबाब लिहून घेताना हवालदार किशोरी ठाकूर मला म्हणाल्या, "मॅडम, हे असंच लिहिलं तर तुमच्याही अंगावर येईल. घरी जा, विचार करा, उद्या या." मी म्हणाले, "उद्या मी शहाणी झालेली असेन. आजच लिहा."

पाण्याची बाटली, झाकणाला चिकटपट्टी लावलेली, मी हजर केली असून पंचांसमक्ष ताब्यात द्यायला तयार आहे. गाडी तपासणारे अधिकारी टाक्या उघडतील तेव्हा आतले पाणी या पाण्याशी ताडून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आज सकाळी मी सरकारी दवाखान्यात बाळू म्हात्रे यांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, आता झोप होते ना नीट?" टोमणा मला ओळखता येतो, तो माझा धंदा आहे. तो टोमणा नव्हता. मी दोऱ्या कोणत्या क्रमाने ओढायच्या, ते विचारले. इंजिनाजवळच्या टाकीची आधी, कारण जास्त पाणी तिथे साठते, मग मधली, मग मागची. पाणी संपून नुसती हवा येईस्तोवर दोरी सोडायची नाही. हे त्यांनी डाव्या हाताने चादरीवर बोट फिरवून दाखवले.

त्यांचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये राहील. तपासणी आणि दुरुस्ती होऊन गाडी परत आली की रोहिणीताईंचा भाऊ सकाळी ती सुरू करील. त्याला कंबरेचा त्रास आहे, वाकता येत नाही. मला येते. वेळ सहा पाचचीच ठेवली आहे. हा मजकूर जबाबात बसत नाही, असे हवालदार ठाकूर यांचे म्हणणे पडले. तो माझ्या आग्रहाने ठेवला आहे.

वरील जबाब हवालदार ठाकूर यांनी मला वाचून दाखवला. 'हॉर्नने' हा शब्द त्यांनी हळू आवाजात वाचला, म्हणून मी तो पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. मी बोलले होते तसाच तो आहे.

सही
वसुंधरा वि. दिवेकर