पास्कूचं चौदावं सॉरी

आमचा शेजारी पास्कू एका 'सॉरी'वर सगळा संसार चालवतो, हे तुम्हाला सांगितलं की नाही? वाट मागायची तरी सॉरी, शिंकला तरी सॉरी, मयताच्या घरी सॉरी, आणि कढी दुसऱ्यांदा वाढून घेतानाही सॉरीच. माझ्या वहीत त्याचे तेरा प्रकार टिपलेले आहेत.

परवा तो मुद्दाम अंगणात आला, "सॉरी हां, भाऊ," म्हणाला आणि मान खाली घालून गेला. हे चौदावं कसलं? मनात पाल चुकचुकली. मी हद्दीच्या गडग्याचे दगड तपासले, माडावरचे नारळ मोजले, विहिरीतही वाकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

बायको वैतागली. "जावन विचारा मगे त्याकाच!"

विचारलं. पास्कू ओशाळला. "माजो कोंबो नायसो झालो, तेवा माका वाटला तुमीच खाल्लास. उद्या चर्चमध्ये पापां कबूल करूक जातंय. त्याच्या आदी तुमका सॉरी म्हटलंय."

हरवलेल्या कोंबड्याच्या संशयाचं सॉरी ऐकून नारळ मोजून आलेला मी खजील झालो. म्हटलं, "पास्कू, माझंही सॉरी."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे कोंबो तुमीच खाल्लास?"