कोपरे असलेला खाऊ

हिना: श्रावणात मी तुला काय सांगितलं होतं, दिपा? आठवतंय?

दिपमाला: आठवतंय. अशी रात्रंदिवस बाळाकडे कान लावून बसलीस, तर एक दिवस उभ्या उभ्या झोपशील.

हिना: आणि तू काय म्हणालीस?

दिपमाला: म्हटलं, साडीच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की शेजारणीला असलं काहीतरी सुचतं.

हिना: आणि काल?

दिपमाला: काल जरा डोळा लागला. त्यात काय एवढं.

कमलबाई: जरा? हातमा पळी, डोया उघडा, आनि बाई झोपेल. दूध उतू गयं, गॅस विझना, वास माले उना. सून शेगडीपुढे उभी शे नि तिले खबर नही.

दिपमाला: आई, हिनाला सगळं सांगितलंत तुम्ही?

कमलबाई: बठ्ठं सांगं. सासू शे मी, माले कोण काय करी?

हिना: कमलअक्कांना ओरडू नकोस. मी भांडायला नाही, न्यायला आलेय. खाली अंगणात गुलाबाई बसवलीय, गाणी सुरू व्हायचीत, मग बंद डब्यातला खाऊ ओळखायचा. चल.

दिपमाला: पोरींचा खेळ तो. मी आता आई झालेय.

हिना: खाली सगळ्या आयाच आहेत. पोरी ट्यूशनला गेल्यात.

दिपमाला: बाळ आत्ताच झोपलंय.

हिना: म्हणून तर आत्ता. साहेब उठले की तुझी सुट्टी रद्द.

दिपमाला: तुला चेष्टा वाटते. तो काचेच्या पेटीत होता तेव्हा नर्सने मला बजावलं होतं, श्वासाकडे लक्ष ठेवा.

हिना: तेव्हा तो मुठीएवढा होता. आता अक्कांचं मंगळसूत्र ओढून तोडतो. परवा डॉक्टर काय म्हणाले?

दिपमाला: बाळ ठणठणीत आहे म्हणाले. तपासायचं तर आईला तपासू, असं म्हणाले.

हिना: हे दुसरं वाक्य तू मला सांगितलंच नव्हतंस.

दिपमाला: काय सांगू? लक्ष ठेवा म्हणणारे खूप भेटले, हिना. कधी थांबायचं ते कुणीच सांगितलं नाही. नळ चालू असला तरी दोन भिंतींपलीकडून त्याने कूस बदललेली मला ऐकू येते. कान बंदच होत नाहीत.

कमलबाई: मी सांगस ना. आज थांब.

हिना: आणि एवढ्या तयार कानांना जरा दुसरं काम देऊ. धुळ्याला तुमच्या गल्लीत गुलाबाईला डबा नुसता हलवला की आतला खाऊ तू सांगायचीस म्हणे. शेवटी पोरींनी तुला खेळायला घेणंच बंद केलं.

दिपमाला: हे कुणी सांगितलं?

हिना: तुझ्याच आईने, बारशाला. तू तेव्हा पाळण्यात डोकं घालून होतीस.

दिपमाला: तुला बरं आहे बाई. गल्ल्यावर बसायचं आणि साडीतल्या पुठ्ठ्यांवर मोर काढायचे. तेही कोंबडीसारखे.

हिना: असू देत कोंबड्या. त्या काढताना मला कुणी मॅचिंग ब्लाऊज विचारत नाही. माझं डोकं तेवढा वेळ माझं असतं.

कमलबाई: तू जाय, माय. मी देखस त्याले. नाकखाले बोट धरीसन बसस, मंग ते व्हई ना?

दिपमाला: तुम्हाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, आई.

कमलबाई: मंग डावा कान त्याना कडे करस. तुना नवराले मी एकच कानवर वाढावं नही का? आते भुसावळले रातभर रेल्वेगाड्या चालाडस तो.

दिपमाला: बरं. पण एकच खाऊ ओळखते आणि वर येते.

(खाली अंगणात. हिनाच्या हातात झाकण लावलेला स्टीलचा डबा.)

हिना: चिवडा नाही, लाडू नाही, केळीचे वेफर्स तर नाहीतच. सगळ्या बाया हरल्यात. आता तू.

दिपमाला: आमची खिडकी उघडी आहे ना?

हिना: उघडी आहे. वर बघून डबा कळत नाही.

दिपमाला: हलव. परत हलव. हळू गं, तू मुद्दाम गोंधळ करतेस.

हिना: मारवाड्याची लेक आहे मी. माल कसा दाखवायचा ते माझं मी बघेन.

दिपमाला: लाडू नाहीच. लाडू गडगडतो. हे वळतं आणि अडतं.

हिना: अडतं म्हणजे?

दिपमाला: बोलू नकोस, ऐकू दे. कोरडं नाही हे. डब्याला चिकटतं आणि मग सुटतं. जड आहे. आणि कोपरे आहेत याला.

हिना: खाऊला कोपरे? ऐका गं बायांनो, शाळेत भूमिती शिकवायची ही.

दिपमाला: शिंगाडे. उकडलेले, आणि अजून कोमट असतील.

हिना: तू माझ्या स्वयंपाकघरात डोकावलीस.

दिपमाला: मी कित्येक दिवसांत कुणाच्याच घरात डोकावले नाहीये. उघड झाकण, हरलीस तू. आता त्या लताबाई बसल्यात ना, त्यांचा डबा दे इकडे.

हिना: एकच ओळखून वर जाणार होतीस ना?

दिपमाला: अगं, त्यांचा चेहरा बघ. त्यांना वाटतंय मला नाही येणार. दे.

कमलबाई: (बाळाला कडेवर घेऊन खाली येत) उनूत रे आम्ही. देख पोऱ्या, ती तुनी माय शे. हसी ऱ्हायनी ती, वळखत नही का?

दिपमाला: आई, तुम्ही खाली कशा? रडला का तो?

कमलबाई: रडना ना. चांगला भोंगा लावा व्हता. खिडकीमाच उभी व्हती मी त्याले लीसन.

दिपमाला: खिडकीत? मला ऐकू नाही आलं.

हिना: कसं येईल? लताबाईंचा डबा कानाला लावून बसली होतीस.

दिपमाला: नाही हिना, खरंच. मला ऐकूच नाही आलं.

कमलबाई: मंग काय व्हयनं? माले ऐकू उनं ना.

हिना: रडू नकोस आता. शिंगाडा खा. सोलून देऊ?

दिपमाला: दे. आणि ती वरची पुनम का नाही आली? तिचं बाळ तर याच्याहून लहान आहे.

हिना: गेले होते बोलवायला. बेलवरचं बोट काढायच्या आत दार उघडलं तिने. छान हसली. बाळ झोपलंय, पुन्हा कधीतरी येते म्हणाली.

दिपमाला: इतक्या लगेच उघडलं?

हिना: हो. चटपटीत आहे मुलगी.

दिपमाला: चटपटीत नाही गं. बाळ झोपलंय तर तिनेही झोपायला हवं होतं. दाराशी काय करत होती ती? माझ्यासारखेच तिचेही कान बंद होत नसतील. तो शिंगाड्यांचा डबा दे. आई, याला अजून थोडा वेळ घ्या तुमच्याकडे, मी वर तिच्याकडे जाऊन येते. आणि तुम्ही, हे वाचताय ते. तुमच्या जिन्यातही कुणी नवी आई असेल, तर आज एकदा तिची बेल वाजवून बघा. दार फारच पटकन उघडलं, तर ‘सहज आले होते’ असं म्हणत मागे फिरू नका. आत जाऊन बसा.