फोन जावेच्या घरी येतो

हॅलो? … हॅलो, राजा? … कोण? … कसली पाहणी? … अगं, मग आधी तसं सांगायचं ना! अनोळखी नंबर बघून माझ्या हातातली कात्री पडली. … नाही, नाही लागलं. बोल.

साहेबांबद्दल लोकांचं मत? … पाच मिनिटं? दहा घे. रविवारी दुपारी या फोनवर तसंही कोणी येत नाही आता.

नाव सांगायचं नाही? बरंच झालं. वय त्रेपन्न. काम शिवणकाम. शाळांचे युनिफॉर्म शिवते, घरीच. घरात माणसं दोन. … नाही, तीन. तीन लिही. एक बाहेर आहे.

थांब हं, आधी मला एक सांग. तू समोर फोन केला होतास का? … समोर म्हणजे आमच्या समोरच्या दारात. माझी धाकटी जाऊ राहते तिथे. … सांगता येत नाही? म्हणजे केलास! … अगं, केला नसतास तर सरळ 'नाही' म्हणाली असतीस. बघ, तुमच्या कंपनीलासुद्धा आधी तीच दिसते. … नंबर आपोआप निघतात? मग आपोआपही तीच निघणार. नशीबच तसलं घेऊन आलीय बाई.

हं, विचार. … 'राष्ट्रप्रमुखांच्या कामाबद्दल आपण…' हो, हो, कळलं, पर्याय सांग. … पूर्ण समाधानी. … विचार कसला करायचा? मी पहिल्यापासून साहेबांची. लिही, पूर्ण समाधानी.

युद्ध सुरू झालं तेव्हा? अगं, काय विचारतेस! आमच्या जिन्यात दारादारावर साहेबांचा फोटो होता. बारा दारं, अकरा फोटो. बारावं दार कोणाचं ते वेगळं सांगायला नको. आणि आता किती आहेत, विचार. … एक. माझा.

काय झालं म्हणजे? तीन आठवड्यांत आटोपतं म्हणाले होते, दीड वर्ष झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा भाऊ गेला, त्या दिवशी तीन फोटो उतरले. मग तेल महागलं, दोन उतरले. मग एकेक. कोणी उतरवताना दिसत नाही हं! सकाळी बघावं तर दारावर नुसती चिकटपट्टीची चार टोकं. आणि तो खालचा दुकानदार, ज्याने साहेबांच्या भाषणाला फुकट पेढे… नाही, गोळ्या वाटल्या होत्या पोरांना, त्याने गल्ल्यामागचा फोटो काढून फ्रीजची जाहिरात लावली. मला म्हणतो, "मावशी, इथे पहिल्यापासून फ्रीजच होता." तोंड वर करून!

आमचे हेसुद्धा परवा घरातला फोटो काढायला खुर्चीवर चढले होते. भिंत रंगवायचीय म्हणे. सहा वर्षं पोपडे पडतायत त्या भिंतीचे, तेव्हा नाही सुचलं. मी म्हटलं, उतरा खाली, कंबर मोडेल.

… अगं ऐक ना, त्याच प्रश्नाचं उत्तर देतेय. माझं काय म्हणणं, बदललात तर बदललात. पण सगळे आता म्हणतात, "आम्ही तर आधीपासूनच म्हणत होतो." खोटारडे! आधीपासून म्हणणारी एकच होती. आणि ती नेमकी माझी जाऊ असावी?

पहिल्याच दिवशी, सगळे जिन्यात जमलेले असताना ही म्हणाली, "ज्यांची पोरं जाणार त्यांना तरी कोणी विचारलं का?" झालं! वाळीतच टाकलं तिला. मीही सहा महिने बोलले नाही. समोरासमोर दारं, दूध घ्यायला दोघी एकदमच बाहेर यायचो, आणि मी पिशवीत बघत बसायची. … आता? आता तिच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. रोज संध्याकाळी बायका येतात. पोरांना परत आणा म्हणून सरकारला अर्ज करतायत. चहा काय, सल्ले काय! आणि बसायला खुर्च्या कोणाच्या? माझ्या! दोन नेल्यात, अजून परत नाहीत.

मिरवतसुद्धा नाही गं ती. मिरवली असती तर निदान दोन शब्द सुनावता आले असते. "मी म्हटलं नव्हतं का" असं एकदा तरी म्हणावं माणसाने! … नाही, एकदाही नाही. नुसती बघते, मऊ.

आणि त्या बायका सगळ्या तिला आईच्या जागी मानतात. हिला स्वतःला मूल नाही… नाही, टोमणा नाही मारत. … बरं, मारतेय. जळते मी तिच्यावर. पायाच्या नखापासून जळते. लिही तसं, आहे का पर्याय? … नाही ना? मग पुढचा प्रश्न घे.

… कुटुंबातलं कोणी तिकडे? … हो. आहे.

मुलगा. एकुलता एक. बाविसावं लागलं आता.

… बरा आहे. … नाही, माझ्याशी नाही बोलला. जाऊ सांगते म्हणून कळतं.

कसं सांगू तुला… त्या पोरांना तिथे एकच नंबर लिहून द्यावा लागतो. रविवारी दहा मिनिटं, त्याच नंबरवर. आधी माझा होता. मग एका रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्याही नाही. मी अन्नपाणी सोडलं. ह्यांना म्हटलं, सैन्याच्या ऑफिसात जा, विचारा, यादी बघा. आणि सोमवारी सकाळी ही दारात उभी. म्हणते, "वहिनी, काळजी करू नका, काल बोलला तो, बरा आहे." … अगं, काल बोलला! हिच्याशी! नंबर बदलून दिलाय त्याने, काकूचा!

आईला आधी आनंद व्हायला हवा ना? पोरगं जिवंत आहे, धडधाकट आहे. झाला आनंद. पण आधी पोटात आग पडली. खरं सांगते तुला, आधी आग, मग आनंद. आई म्हणवून घ्यायची लाज वाटावी असा क्षण तो. तरी मी काय म्हणाले तिला? "बरं." आणि दार लावलं.

… पहिल्यापासूनच तसं होतं. मी कारखान्यात शिवायला जायची, शाळेतून आला की आधी तिच्याकडे. गुडघा फुटला की काकू, परीक्षेत नापास की काकू. माझ्याकडे यायचा तो पट्टी बांधून, प्रगतीपुस्तकावर काकाची सही घेऊन.

त्याच गुडघ्यावरून तर… जाऊ दे. … नाही, जाऊ दे म्हटलं ना. … सैन्याचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली होती, "वहिनी, याचा गुडघा अधू आहे, डॉक्टर खरं ते लिहून द्यायला तयार आहेत." खोटं नव्हतं गं, सायकलवरून पडल्यापासून जिना चढताना कट्-कट् वाजतो. आणि मी… त्या फोटोखाली उभी राहून म्हणाले, "आमच्या घरात पळपुटं कोणी नाही." पोरगं तिथेच उभं होतं. बूट घालत होता.

… पाणी कशाला पिऊ? ठीक आहे मी. तुझ्यामागे केवढा गलका आहे गं! सगळ्या पोरी हेच विचारतायत का? … आणि लोक काय सांगतात? … तेही सांगता येत नाही! तुझी नोकरी छान आहे बाई.

नंबर का बदलला? माझी जाऊ गोडबोली, म्हणून. … असं मी सगळ्यांना सांगते. तुला म्हणून खरं सांगते, तू काही माझ्या दारात येणार नाहीस. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "आई, मला भीती वाटते. रात्री हात थरथरतात." आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "साहेबांनी एवढा विश्वास टाकलाय, त्यांची मान खाली जाईल असं बोलू नकोस." साहेबांची मान! माझ्या पोराचे हात थरथरतायत आणि मला मान कोणाची, तर साहेबांची! ते माझं नावसुद्धा ओळखत नाहीत गं. … तो "बरं आई" म्हणाला. सात मिनिटं शिल्लक होती. ठेवला त्याने.

… हं. … हं, ऐकतेय. शेवटचा प्रश्न? … हा तर पहिलाच झाला ना? … खात्रीसाठी पुन्हा विचारता? म्हणजे मधल्या पाच मिनिटांत माणूस बदलतं असं वाटतं तुम्हाला?

थांब.

वाजला. … ऐकलास? समोर. तिचा फोन. … चार वाजले ना, तोच. … उचलला तिने. हसली. आता 'बोल रे राजा' म्हणेल. राजा मी म्हणते त्याला, तिने माझ्याकडून उचललंय. … हो, दारापाशी आलेय मी. दर रविवारी येते. कान लावून उभी राहते, लाज कसली? आमचं दार बंद, तिचं सताड उघडं. मला जळवायला उघडं ठेवते, नाहीतर बोलताना कोण दार उघडं ठेवतं? … काय म्हणालीस? … कोणाला आत यायचं असेल म्हणून?

… मला?

चोवीस रविवार झाले गं. चोवीस रविवार ते दार उघडं आहे.

… नाही, पर्याय नको वाचूस. बिलकूल समाधानी नाही, लिही. समोरचीने जे सांगितलं असेल त्याच्याहून खालचं असेल तर ते लिही. माझा मुलगा आहे तो, तिच्यापेक्षा माझा राग मोठा पाहिजे. … चप्पल राहू दे. … अहो, दार उघडं ठेवा, मी समोर जातेय!

अगं ए… सरक. दे. दे गं इकडे, दोन मिनिटं तरी दे. … रडू नकोस तू आता, नंतर रड, त्याचा वेळ जातोय.

हॅलो? … मी. आई. … नको! ठेवू नकोस. ठेवू नकोस रे बाळा. … नाही, काही सुनावणार नाही. साहेबांचं नाव काढणार नाही. … चुकलं माझं. … हो, मीच म्हणतेय, चुकलं. … गुडघा कसा आहे? … आणि हात? … अजून? … थरथरू देत. घाबरलास तर घाबर, मी ऐकतेय. सगळं सांग, तिला सांगतोस तसं सांग. … हं. … हं.

अगं बाई, या हातातल्या फोनवर तू अजून आहेसच? … ठेव, पोरी. माझा मुलगा बोलतोय.