मुरलेलं लाकूड

कानाच्या दवाखान्यात बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या डाव्या कानात औषध होतं, वर कापसाचा बोळा. डोळे मिटून, उजव्या कानाने त्या शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकत होत्या.

"मिस्त्री, गिऱ्हाइकं माझा जीव खातायत. बिलियर्ड्स, पूल खेळायला तुमच्याच हातची काठी हवी, म्हणतात. भाव काहीही लावा."

"लाकूडच नाही, शेठ."

"थापा मारू नका. तुमच्या माळ्यावर शंभर दांडे टांगलेत. बाजारात बोलतात, म्हातारा माल दाबून बसलाय, भाव चढवतोय."

"बोलू देत. बारा वर्षं सुकतायत ते. वर्षाला जरासं तासायचं, पुन्हा टांगायचं. दुपारी खिडकीतून वारा आला की एकमेकांना लागून वाजायचे. पडल्या पडल्या नादावरून कळायचं मला, कुठला मुरलाय."

"मग आता काय झालं?"

"वारा येतो. दांडे नुसते हलताना दिसतात."

"अहो, माझं बोलणं तर ऐकू येतंय!"

"बोलणं येतं. तो बारीक नाद गेला. न ऐकता कशी देऊ काठी? म्हणून एक दांडा आणलाय, डॉक्टरांना दाखवायला."

"डॉक्टरांना? दांडा?"

"त्यांना कळायला नको, मला काय ऐकू येत नाही ते?"

मिस्त्रींनी पिशवीतून दांडा काढला, फरशीपासून वीतभर वर उभा धरला आणि अलगद सोडला.

"आलं ऐकू?" शेठनी विचारलं.

"नाही. पण त्या बाईंनी डोळे उघडले बघा. घ्या शेठ, हा मुरलाय."