तीस भाकरींचा अल्बम

आता तुम्ही हसाल, पण आमच्या घरात रॉकची गाणी भाकरीवर मोजतात. माझ्या लेकीला, सोनालीला, एका विलायती बँडचं लई वेड. त्यांचं एकेक गाणं वीस मिनिटांचं. आवाज मोठा यावा म्हणून ती मोबाईल पातेल्यात ठेवून माझ्याजवळ बसायची आणि एका गाण्यात माझ्या दहा भाकरी व्हायच्या. ऐकता ऐकता मलाही गोडी लागली.

मग ती पुण्याला नोकरीला गेली. एक दिवस फोन आला, "आई, सात वर्षांनी त्यांचा नवा अल्बम येतोय. तासाभराचा आहे. पहिल्यांदा दोघींनी मिळूनच ऐकायचा. मी लोहाऱ्याला येते."

"तासाभराच्या तीस भाकरी होतील. खाणार कोण?"

"तू थाप गं, मी बघते."

तेवढ्यासाठी मी वेगळी ज्वारी दळून डबा भरून ठेवला. अल्बम आला, पण तिला रजा मिळाली नाही. दोन महिने झाले. ऑफिसातल्या मैत्रिणी तो लावतात, तेव्हा ती उठून बाहेर जाते म्हणे.

काल हे म्हणाले, "ऐकून टाक की एकदाचा. डब्यातलं पीठ कडू झालं."

म्हणलं, "व्हय, दुसऱ्यांदा झालं. उद्या परत गिरणीत जाते."