मांड्यांचा बॅनर

(सिंधीपुऱ्यातलं फ्लेक्सचं दुकान. काउंटरवर गुंडाळून आणलेला एक बॅनर. आत तेजस्विनी, समोर सुमन आणि तिचे यजमान वामन सर.)

सुमन : हा घे तुझा बॅनर, तेजस्विनी. तीन दिवसांत पुरणाच्या मांड्यांची ऑर्डर एकही नाही, अन् घरी भेटायला आली सात जणं.

तेजस्विनी : भेटायला म्हणजे, काकू?

सुमन : सांत्वनाला. मी गेले म्हणून.

तेजस्विनी : अरे देवा. पण मी सरांना बोलली होती ना. पांढरं बॅकग्राउंड, काळी अक्षरं, मधे गोल फोटो, वरून खाली जांभळी फुलं. आपल्या बुरहानपुरात असा बॅनर चौकात एकाच कामासाठी लागतो.

वामन सर : त्यावर स्वच्छ लिहिलंय, 'सुमनताईंचे खापरावरचे मांडे, ऑर्डरप्रमाणे मिळतील.' लोकांना वाचता येत नाही?

तेजस्विनी : सर, गाडीवरचा माणूस वाचत नाही. तो रंग बघतो अन् निघून जातो. लाल-पिवळा दिसला, मतलब सेल नाहीतर खाणं. भगवा दिसला की उत्सव. पांढऱ्यावर फोटो दिसला की सीधा हात जोडतो. तुम्ही आम्हाला नववीत मराठी शिकवलं, म्हणून मी जास्त बोलली नाही.

वामन सर : भडकपणा म्हणजे अभिरुची नव्हे, एवढंच म्हणालो होतो मी.

सुमन : त्या अभिरुचीपायी कौतिकभाऊ पांढरा शर्ट घालून दारात उभे. दार मीच उघडलं. माणूस दोन पायऱ्या मागे सरला बाई. मालूबाई तर गल्लीच्या तोंडापासून रडत आली, आता आखाजीच्या सणाला मांडे कोण देईल म्हणून.

तेजस्विनी : मग ऑर्डर लिहून घ्यायची ना, काकू.

सुमन : रडणाऱ्या बाईकडून ऑर्डर घेतात का? पाणी दिलं तिला. हसू नको गं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा माझं नाव चौकात लागलं, अन् लागलं ते असं. मला आता काही करायचंच नाही. हा फ्लेक्स गच्चीवर पापड वाळवायला होईल.

तेजस्विनी : असं नका ना बोलू. मी दुसरा करून देते, एकदम साफ दिसेल असा.

सुमन : दुसरा केला तरी हे लावू देतील का? मला समजतं सगळं. यांना ते दुकानासारखं दिसायलाच नको होतं. मास्तरांची बायको मांडे विकते, हे जरा हळू आवाजात सांगायचं होतं. म्हणून पांढरं. बोला ना, खोटं आहे?

वामन सर : खोटं नाही. थोडी लाज वाटली होती मला.

सुमन : बघ.

वामन सर : तेजस्विनी, लाल कर. तुझ्याकडे असेल तो सगळ्यात भडक लाल.

तेजस्विनी : सगळंच लाल केलं तर डोळे दुखतात, सर. मागे पिवळा घेते, अक्षरं मरून कलरची. दूर से पण वाचता येतं. फक्त मांडा पिवळ्यावर हरवून जाईल, त्याचा रंगच तसा. म्हणून त्याच्या मागे मरून पट्टा टाकते. बस, दोनच रंग. तिसरा आला की जत्रा होते.

सुमन : चाळीस वर्षांत मला लाल साडी घेऊ दिली नाही यांनी. आज काय झालं?

वामन सर : परवा मी जैनाबादला गहू घ्यायला गेलो होतो, तेव्हा आमच्या शाळेतल्या गिरधरचा फोन आला.

सुमन : मग?

वामन सर : म्हणाला, 'सर, चौकात बघितलं. वहिनींचं फार वाईट झालं.'

तेजस्विनी : पण सर, बॅनर तर तुम्हीच लावला होता.

वामन सर : मला बॅनर आठवलाच नाही गं. मी हिला फोन लावला. पाच वेळा. हिने उचलला नाही.

सुमन : माझे हात पिठात होते.

वामन सर : मला काय ठाऊक. रिक्षात बसलो. ताप्तीच्या पुलावर केळीचे ट्रक अडकलेले, म्हणून उतरलो आणि चालत सुटलो. तो सगळा पूल मी तू नाहीस असं धरून चाललो, सुमन.

सुमन : म्हणून अनवाणी आलात. मला म्हणालात, चप्पल तुटली.

वामन सर : तुटली नाही. गव्हाच्या दुकानाबाहेर काढली होती, तिथंच राहिली.

सुमन : अन् आल्यावर तासभर उंबऱ्यात बसून राहिलात. मी विचारलं काय बघताय, तर म्हणे मांडा हातावर कसा वाढवतात ते बघतोय.

वामन सर : तेच बघत होतो. चाळीस वर्षं नुसते खाल्ले. करताना तुला कधी बघितलंच नव्हतं.

तेजस्विनी : काकू, फोटो हाच ठेवू? यात तुम्ही खाली बघताय.

सुमन : पुतण्याच्या लग्नातला आहे तो. यांनी बाकीच्यांना कापून मला एकटीला ठेवलं. आताच काढ ना मोबाईलवर.

तेजस्विनी : चलेल. इकडे बघा. सर, तुम्ही जरा सरका, सावली पडतेय तुमची.

वामन सर : सरकतो. आणि नाव मोठं कर. चौकाच्या पलीकडून दिसलं पाहिजे.

तेजस्विनी : झालं. चार वाजता घेऊन जा.

सुमन : येतो चारला. तोवर जैनाबादला जाऊन येतो आम्ही.

वामन सर : जैनाबादला कशाला?

सुमन : गहू तिथंच राहिला ना तुमचा. अन् चप्पल.