नेपच्यूनपलीकडची फुगडी

अश्लेषा : थांबा मॅडम. जोडी म्हणजे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?

स्वरूपा : सर, नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ पिंडांचा एक पट्टा आहे. त्यातले बरेच पिंड एकएकटे नसून जोडीनं आहेत. दोन्ही पिंडांच्या आकारात फार मोठी तफावत नसल्यास एक दुसऱ्याभोवती न फिरता दोघेही सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती परिभ्रमण करतात. उदाहरणार्थ, प्लूटो आणि शॅरन.

अश्लेषा : एका दमात म्हटलंत. पाठ केलंय?

स्वरूपा : नाही सर. म्हणजे... हो सर. अगं, अशी काय बघतेस! मुलाखतीचे अध्यक्ष असे बघतात का कुणाकडे?

अश्लेषा : याहून वाईट बघतात. मोडू नकोस मधेच. मॅडम, अर्जात छंद म्हणून तुम्ही ‘आकाशनिरीक्षण’ लिहिलंय. कंसात ‘नेपच्यूनपलीकडच्या जोड्या’. तुम्ही स्वतः आकाशात काय पाहिलंय?

स्वरूपा : सर, दिल्लीच्या धुरामुळे...

अश्लेषा : दिल्लीत तुम्ही तीन वर्षांपूर्वी आलात. त्याआधी कळंबला होतात. तिथे आकाश नव्हतं?

स्वरूपा : होतं सर. वरच होतं.

अश्लेषा : स्वरूपा!

स्वरूपा : सुचलं ते बोलले, यार.

अश्लेषा : मराठीतून मुलाखत मागितलीयस. मधे दुभाषी बसणार. तुझी थट्टा तो बिचारा गंभीर चेहऱ्यानं हिंदीत सांगेल. आणि मग समोरचे पाचही जण तुझ्याकडे बघतील.

स्वरूपा : अशू, नाही जमत गं मला. चाळीस दिवस घोकतेय. परवा गुरुवारी खरी मुलाखत. बाकी सगळं येतं मला. बजेट येतं, आमच्या जिल्ह्याचं पर्जन्यमान येतं. छंद म्हटलं की पाठ केलेलंच बाहेर येतं.

अश्लेषा : मग स्वतःचा छंद लिहायचास ना.

स्वरूपा : कुठला? मला छंद आहे कुठला? अर्ज भरताना शेवटची दहा मिनिटं, तो खालचा सायबर कॅफेवाला ‘मॅडम, जल्दी कीजिए’ म्हणत डोक्यावर उभा. मी तुला विचारलं, काय लिहू? तू म्हणालीस, माझाच लिही, कोण विचारतंय.

अश्लेषा : मस्करीत म्हटलं होतं मी. तू शब्दन् शब्द उतरवलास. कंसासकट!

स्वरूपा : तेव्हा वाटलं होतं, दोघींना बोलावणं येईल.

अश्लेषा : आलं एकीला. ते काही कुणाच्या हातात नव्हतं. चल, पाठ सरळ कर. एक काम कर, माझा वेंगुर्ल्याचा प्रसंग सांग. शाळेच्या मैदानावरचा. तुला दहादा ऐकवलाय.

स्वरूपा : तुझा प्रसंग मी सांगू?

अश्लेषा : घे. मला तो आता कुठे सांगायचाय? माझी सहावी, शेवटची खेप होती. संपलं. तुझी निदान एक शिल्लक आहे, पण तिच्यावर जायची वेळ येऊ नये. विचारते हं. मॅडम, तुम्ही स्वतः काय पाहिलंय?

स्वरूपा : सर, अशी एखादी जोडी दुर्बिणीतूनही आम्हाला दिसत नाही. पण ती दूरच्या ताऱ्याच्या आड आली की तारा काही क्षण विझतो. पिंडाची सावली पृथ्वीवरून सरकत जाते. तिचा मार्ग शास्त्रज्ञांनी आधी कळवलेला असतो. आमच्या शाळेतल्या दिलीप सरांनी मैदानावर दुर्बीण लावली होती. आम्ही तारा धरून ठेवला, आणि ठरल्या वेळी तो विझला. एकदा, आणि मग पुन्हा. म्हणजे पिंड दोन होते.

अश्लेषा : विझला?

स्वरूपा : हो सर.

अश्लेषा : स्वरूपा, तारा विझला नव्हता.

स्वरूपा : माहितीय मला.

अश्लेषा : मग?

स्वरूपा : मग काय! ‘आम्ही थंडीत बसलो आणि काहीच झालं नाही’ असं सांगू बोर्डासमोर? त्याचे गुण कोण देणार?

अश्लेषा : आम्ही ते त्या शास्त्रज्ञांना कळवलं होतं. तारा चमकतच राहिला, एवढंच. त्यांचं उलट आभाराचं पत्र आलं.

स्वरूपा : कशाबद्दल आभार?

अश्लेषा : सावली आमच्यावरून गेली नाही, म्हणजे तिची कड आमच्या अलीकडेच संपली. दुसऱ्या कुठल्या गावात तारा विझला असेल, तर त्या गावापासून आमच्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी ती कड आहे. पिंड केवढा ते ठरवायला आमचं ‘नाही’सुद्धा लागतं त्यांना.

स्वरूपा : ...हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

अश्लेषा : तू विचारलं नाहीस. तू प्रत्येक वेळी ‘विझला नाही’पर्यंतच लिहून घेतलंस वहीत.

स्वरूपा : ती वही बंद कर. गुरुवारी मी खरं सांगणार.

अश्लेषा : काय खरं?

स्वरूपा : सर, हा छंद माझ्या मैत्रिणीचा आहे. घाईत मी तिचा उतरवला, ती माझी चूक. बोलावणं आल्यापासून तिच्याकडून शिकतेय. जे मला कळलंय तेवढं सांगते.

अश्लेषा : वेडी आहेस का? अर्जात खोटं लिहिलं म्हणून स्वतःच कबूल करणार? किती गुण जातील, ठाऊक आहे?

स्वरूपा : जातील तेवढे जाऊ देत. ताऱ्याबद्दल खोटं बोलून दुसऱ्या प्रश्नाला तोंडावर पडले, तर सगळेच जातील. आणि ते तुझ्या ताऱ्याबद्दल. नको मला तसं.

अश्लेषा : माझं नाव घेऊ नकोस तिथे. विचारतील, मग त्या मॅडमचं काय झालं?

स्वरूपा : विचारू देत. विचार ना तूच, अध्यक्ष आहेस.

अश्लेषा : ...बरं. मॅडम, मैत्रिणीकडून शिकलात म्हणता. मग तुम्हाला नक्की कळलं काय?

स्वरूपा : हाच घोळ आहे. मला व्याख्या येतात, कळलं काहीच नाही. ऊठ तू. इकडे ये.

अश्लेषा : कशाला?

स्वरूपा : या उमेदवाराच्या खुर्चीत बस. सहा वेळा परीक्षा दिलीस आणि या बाजूला एकदाही बसली नाहीस. मी विचारते. तू सांग. नोट्स नाही, तुला यात काय आवडतं ते सांग.

(खुर्च्यांची अदलाबदल. अश्लेषा ओढणी सारखी करते.)

स्वरूपा : नाव?

अश्लेषा : अश्लेषा. गंमत पुरे आता.

स्वरूपा : मॅडम, बोर्डासमोर गंमत म्हणत नाहीत. जोडी म्हणजे काय?

अश्लेषा : फुगडी, सर.

स्वरूपा : काय?

अश्लेषा : नागपंचमीला दोघी समोरासमोर हात धरून मागे रेलतात आणि गरगर फिरतात. मधोमध कुणीच उभी नसते. तरी दोघी त्या मधल्या जागेभोवतीच फिरतात. प्लूटो आणि शॅरन तसेच आहेत. आणि फुगडीसारखंच, दोघांचं तोंड कायम एकमेकांकडे. पाठ कधीच दिसत नाही.

स्वरूपा : आणि एक बारीक, एक जाड असेल तर?

अश्लेषा : मला बघून विचारताय? तर जाड असेल तिचा घेर लहान आणि बारीक असेल तिचा मोठा. तुम्ही जास्त पळाल, सर.

स्वरूपा : अध्यक्षांना बारीक म्हणालात, धन्यवाद. फुगडीला गाणं असतं ना?

अश्लेषा : असतं. मी जुळवलंय एक. आता नको.

स्वरूपा : बोर्ड ऐकतंय.

अश्लेषा : 
तुझा हात, माझा हात, मधे मोकळी गं जागा,
तिच्या भवती फिरतो, नाही दोर, नाही धागा.

स्वरूपा : अशू...

अश्लेषा : पण सगळ्याच जोड्या अशा जवळ नसतात. काही जोड्यांमधलं अंतर एक लाख किलोमीटरचं. तिथे गरगर नाही. आपण जेवणानंतर शतपावली घालतो ना, त्या चालीनं फिरतात त्या एकमेकींभोवती. एक फेरा पुरा व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. आपल्या जन्माच्या वेळी निघालेल्या आत्ता कुठे परत आल्या असतील.

स्वरूपा : इतक्या लांबून सुटत नाहीत?

अश्लेषा : सुटतात. जवळून कुणी मोठं गेलं, नुसता धक्का लागला तरी सुटतात. सुटल्या की सूर्याभोवती आपापल्या फिरत राहतात. कुणाला कळतसुद्धा नाही की ही कधी काळी जोडी होती.

स्वरूपा : काहीच खूण राहत नाही?

अश्लेषा : रंग राहत असेल. आजवर पाहिलेल्या जोड्यांमध्ये दोघींचा रंग बहुतेक सारखाच निघालाय. एकाच ढगातून घडल्या असणार, असं म्हणतात. पण सुटलेल्या दोघी पुन्हा कुणी जुळवून पाहिल्यात का, ते मला माहीत नाही, सर.

स्वरूपा : माहीत नाही, असं चालतं इथे?

अश्लेषा : चालतं. तू पण म्हण, गुरुवारी.

स्वरूपा : तुमचं रविवारचं, वेंगुर्ल्याला परत जायचं तिकीट पक्कं आहे?

अश्लेषा : हा प्रश्न अर्जातला नाही.

स्वरूपा : नाही.

अश्लेषा : सर, अर्धा तास होऊन गेला. अध्यक्षांनी आता म्हणायचं असतं, ‘तुम्ही जाऊ शकता.’

स्वरूपा : माहितीय मला. मी नाही म्हणणार. बसा.